झोळीचं वजन

काट्याचा पहिला नियम रिकाम्या झोळीचा. काचेरेच्या झाडाच्या आडव्या फांदीला काटा टांगायचा, त्याच्या आकड्याला पाय घालायची दोन भोकं असलेली निळी झोळी अडकवायची, ती डुलायची थांबेपर्यंत तिला हात लावायचा नाही, आणि मग बाजूचा स्क्रू फिरवून सुई शून्यावर आणायची. झोळीला स्वतःचं वजन असतंच, पण ते धरायचं नसतं. टावोंगा मकांदाविरे घराला कुलूप घालायला एखादे वेळी विसरे, पण शून्य करायला कधी विसरली नव्हती.

वजनाच्या दिवशी चिसुंबातल्या बाया ऊन चढायच्या आत झाडाखाली येऊन बसत. पाठीवर चितेंजेच्या कापडात बांधलेली मुलं, शेजारी मांडवावर वाळत घातलेल्या उसिपा माशांचा वास, आणि सरोवराकडून येणारा वारा. शहरातलं एक केंद्र या गावात मुलांच्या खाण्यापिण्याचा अभ्यास करत होतं. काही मुलांना चिपोंडे, म्हणजे शेंगदाण्याचा गोड लगदा, साधा मिळे, काहींना दुधाची भुकटी घातलेला. कुणाला कुठला हे टावोंगालासुद्धा ठाऊक नव्हतं, डबे सगळे एकसारखे. तिने फक्त डबे द्यायचे आणि वजन करायचं. ज्याचं वजन ठरलेल्या रेषेखाली घसरेल, त्या मुलाला केंद्राच्या गाडीतून जिल्ह्याच्या वॉर्डात पाठवायचं. त्या रेषेपलीकडे तिच्या हातात कसलाही अधिकार नव्हता, आणि तिला तो नकोही होता.

"कशा उठलात, डॉक्टर?" बाया विचारत.

"बरी उठले, तुम्ही बऱ्या उठल्या असाल तर."

ती काही डॉक्टर नव्हती. पण पांढरा कोट घातला की गावाच्या दृष्टीने तो डॉक्टरच. शिवाय तिला हाक तरी काय मारायची? तिकडे पहिलं मूल झालं की बाईचं नाव मागे पडतं. ती अमक्याची आई होते आणि मरेपर्यंत अमक्याची आईच राहते. टावोंगाच्या बाबतीत बायांची पंचाईत होई. शेवटी जुमाच्या आईने तोडगा काढला. या बाईच्या तोंडाला फडकं बांधलं असतं तर फडकं बोलायला लागलं असतं.

"अहो काट्याची आई, आमच्या जुमाला घ्या ना आधी! तुमचं लेकरू बघा कसं शहाणं, टांगलं तरी रडत नाही."

सगळ्या खिदळल्या. टावोंगाही हसली, आणि जुमाला झोळीत घालताना जरा जास्तच वेळ त्याचे पाय धरून उभी राहिली. ती पार उत्तरेकडची, टुंबुका जमातीची. तिची भाषा बोलणारं इथे कुणी नव्हतं. नवऱ्याने बरीच वर्षं मुलाची वाट पाहिली आणि मग भांडणतंटा न करता दुसरं घर केलं, भाड्याची खोली बदलावी इतक्या सहज. मुलासाठी राखून ठेवलेलं एक नाव तेवढं तिच्यापाशी उरलं. लुसुंगू. मुलगा होवो की मुलगी, दोघांना चालणारं. ते तिने कुणाला सांगितलं नव्हतं. संध्याकाळी चुलीवर मक्याची घट्ट न्सीमा ढवळताना एका माणसापुरतं पीठ घ्यायला तिला अजून जमत नसे. रोज एक घास जास्त व्हायचाच, आणि सकाळी ती तो शेजारच्या कोंबड्यांना घालायची.

गावातल्या असियातूचं मूल थंडीत गेलं. जन्माला येऊन थोडेच दिवस झाले होते, घराबाहेर आणलं नव्हतं, नाव ठेवलं नव्हतं. अशा मुलासाठी तिथे रडत नाहीत. ढोल वाजत नाही, पुरुष येत नाहीत. म्हाताऱ्या बाया ओढ्याकाठच्या ओल्या मातीत ठेवून येतात आणि परतताना मागे वळून बघत नाहीत. आईनेही दुसऱ्या दिवशी पाण्याला जायचं. असियातूचा नवरा जोनीला, म्हणजे दक्षिण आफ्रिकेत, कामाला होता. त्याला फोनवर कळवलं, तो बरं म्हणाला, आणि पैसे संपले म्हणून फोन तुटला.

पुढच्याच वजनाला असियातू रांगेत शेवटी येऊन बसली. पाठीवर चितेंजे बांधलेला, छातीवर गाठ. टावोंगाला वाटलं, बहिणीचं मूल आणलं असेल.

तिची पाळी आली तेव्हा असियातूने गाठ सोडली. पाठीवरून पुढे घेतलं, काखेत धरून उचलावं तसं उचललं, एकेक पाय भोकातून घालावा तसा घातला आणि मागे सरकून उभी राहिली. झोळी रिकामी होती. चितेंजे रिकामा होता. बायांनी माना दुसरीकडे वळवल्या. जुमाच्या आईचंसुद्धा तोंड मिटलं.

"किती?" असियातूने विचारलं.

सुई शून्यावर होती. टावोंगा काट्याबद्दल कधी खोटं बोलली नव्हती. पण समोर विशीच्या आतली पोर उभी होती आणि तिचे हात अजून कुणाला तरी सावरल्यासारखे पुढे होते.

"अजून लहान आहे," ती म्हणाली. हे काही खोटं नव्हतं. आणि मग प्रत्येक आईला विचारायची सवय, त्या सवयीने तोंडातून निघून गेलं, "नाव?"

"नाव कुठे ठेवू दिलं त्यांनी?" असियातूने वर पाहिलं. "तुम्ही शिकलेल्या आहात. तुम्ही ठेवा."

"लुसुंगू," टावोंगा म्हणाली. इतकी वर्षं जपलेली वस्तू अशी पटकन कुणाच्या हातावर ठेवली गेली, याचं तिलाच नवल वाटलं.

"छान आहे," असियातू म्हणाली.

झोळी किंचित डुलली. दुपार होत आली की सरोवरावरून वारा सुटायचाच.

त्याच्या पुढच्या खेपेला वारा नव्हता. पानसुद्धा हलत नव्हतं. असियातूने गाठ सोडली, उचललं, ठेवलं, आणि काट्याची सुई सरकली. तीन किलोच्या जरा पुढे गेली आणि थरथरत थांबली. झोळीच्या निळ्या कापडाच्या चुण्या मोडल्या होत्या, ते खालून ताणलेलं होतं.

टावोंगाने झोळी काढून झटकली. आकडा तपासला. पेटीतलं पडताळणीचं लोखंडी वजन लावलं. सुई जिथे थांबायला हवी तिथेच थांबली. पुन्हा झोळी लावली, शून्य केलं. असियातूने पुन्हा ठेवलं. सुई पुन्हा तीनच्या पुढे.

"वाढतंय ना?"

"वाढतंय," टावोंगा म्हणाली. या खेपेला तिला शब्द शोधावे लागले नाहीत.

भूतखेत वगैरे शब्द तिच्या तोंडी नव्हते. फांदी वाकत असेल, आतली स्प्रिंग दमली असेल, असं ती स्वतःला सांगत राहिली. पण दमलेली स्प्रिंग दर खेपेला बेताबेताने पुढे जात नाही. हे तर नीट अंगावर पिणाऱ्या मुलासारखं वाढत होतं, गावातल्या कुठल्याही मुलापेक्षा छान. तिने ते आकडे कुठे लिहिले नाहीत, कुणाला सांगितले नाहीत. खरं सांगायचं तर ती त्या दिवसाची वाट पाहायला लागली होती. असियातूच्या आधी आपणच उतरवून घ्यायला हात पुढे करायला लागली होती. उतरवताना तिच्या तळव्यांना ऊब लागायची. सकाळपासून इतकी मुलं हाताळल्यावर तळवे गरम राहणारच, असं ती म्हणायची.

झाडाच्या पलीकडे अवेतू म्हातारी मंदासीचे गोड वडे तळून विकत असे. तिला सगळं गाव अगोगो म्हणायचं, आजी. गावातली निम्मी माणसं तिच्याच हातावर जन्मलेली, आणि ओढ्याकाठी जाणाऱ्या बायांत पुढे असायची ती हीच. एकदा टावोंगा सामान आवरत असताना ती जवळ आली.

"पोरी, ओढ्याकाठच्याला नाव कुणी दिलं?"

"असियातू म्हणाली म्हणून..."

"ती म्हणणारच. आई आहे ती. तू का दिलंस?"

टावोंगाने पेटीचं झाकण लावलं.

"आम्ही काय उगाच काळजाचा दगड करून येतो तिथून?" म्हातारीने गरम मंदासी कागदात गुंडाळून तिच्या हातात कोंबली. "बिननावाचं आलं तसं जातं. नाव दिलं की ते विचारत फिरतं, मला हाक मारणारी कुठाय म्हणून. खा, थंड होईल."

नांगरणीच्या सुमाराला असियातूचा नवरा जोनीहून परत आला. खांद्यावर रेडिओ, डोक्यावर नवं ब्लँकेट, पायात टोकदार बूट. गावाने त्याची यथेच्छ टिंगल केली आणि त्याच्याकडचं शीतपेयही प्यायलं. त्यानंतरच्या वजनाला असियातू घाईघाईत आली. केसांना नवं रंगीत फडकं बांधलं होतं. रांग मोडून तिने झोळीत ठेवलं, सुई सहाच्या पुढे गेली, आणि तेवढ्यात रस्त्यावरून नवऱ्याने शीळ घातली.

"आले हं!" असं म्हणत असियातू हसत पळाली.

ती आली नाही. टावोंगाने थोडा वेळ वाट पाहिली. मग एका बाईला चिपोंडेचे डबे मोजून द्यायला ती वळली, आणि परत पाहिलं तेव्हा सुई शून्यावर होती. झोळी लुळी लोंबत होती. मग काय करायचं होतं? बाकीच्या मुलांची वजनं झाली. काम संपल्यावर तिने नेहमीसारखी झोळीची चौघडी केली, काट्याबरोबर पत्र्याच्या पेटीत ठेवली आणि पेटी गावप्रमुखाच्या कोठीत नेऊन कुलूप लावलं.

पुढच्या वेळेपासून मुलं झोळीत रडेनाशी झाली.

हे पहिल्यांदा जुमाच्या आईच्या ध्यानात आलं. झोळीत घातलं की मूल टाहो फोडतं, हा जगभरचा नियम. पण आता एकेक मूल आत गेलं की गप्प व्हायचं, बाजूला बघायचं आणि हसायचं. काही तर अंग चोरून सरकून घ्यायची, घरात दोन भावंडं एका चटईवर निजताना सरकतात तशी.

"काट्याची आई, तुमच्या झोळीला गूळ लावलाय की काय?"

आणि सगळ्यांची वजनं वाढली होती. सगळ्यांची, एकाच दिवशी, भरपूर. बायांना हर्षवायू व्हायचा बाकी राहिला. जुन्या मक्याच्या कणग्या रिकाम्या झालेल्या, नवा मका शेतात अजून हिरवा, लोक आंब्याच्या कोया उकडून खात होते, अशा दिवसांत चिसुंबातली मुलं गुटगुटीत व्हायला लागली होती. निदान काटा तसं म्हणत होता.

टावोंगाने प्रत्येक मुलाआधी शून्य पाहिलं. शून्य होतं. लोखंडी वजन लावून पाहिलं. बरोबर होतं. फक्त मूल आत गेलं की सुई जायला नको तिथे जायची.

केंद्राचे क्षेत्रप्रमुख म्वाले साहेब मुद्दाम गाडी घेऊन आले. हसरा, पोट सुटलेला, कामाला चोख माणूस.

"टावोंगा, तुझ्या गावाने जिल्ह्याचं नाक वर केलं की! उपासमारीच्या महिन्यांत वजनं वाढतायत. शहरात सगळे विचारतायत, चिसुंबात काय जादू आहे."

"साहेब, काटा बदलून द्या."

त्यांनी स्वतः काटा तपासला. दुसरा काटाही गाडीतून काढून लावला, तिच्याच झोळीला. दोन्हींचं म्हणणं एकच पडलं.

"चोख आहे. तुलाच चांगलं झालेलं बघवत नाही का?"

"जुमाकडे बघा."

म्वालेंनी पाहिलं. जुमाची आई त्याला मांडीवर घेऊन बसली होती. त्याच्या नडग्या काटकीसारख्या दिसत होत्या, आणि मान आईच्या दंडावर टेकलेली होती ती टेकलेलीच राहिली होती.

"बारीक आहे," ते म्हणाले. "पण रेषेच्या वर आहे. तिकडे वॉर्डात एका खाटेवर तीन-तीन मुलं झोपवलीयत. रेषेवरचं मूल नेलं तर सिस्टर मला गाडीतून उतरू देणार नाही. आणि नव्या पोरींना तूच शिकवतेस ना, डोळा फसवतो, काटा फसवत नाही?"

"दंडाचा घेर मोजायची पट्टी तरी..."

"मागवलीय. आली की पहिली तुला." मग त्यांचा आवाज उतरला. "पुढच्या वजनाला येतो मी. गाडी दुपारपर्यंत थांबवतो. तोवर रेषेखाली आला तर नेऊ."

टावोंगाने जुमाला आईच्या मांडीवरून उचललं. किती मुलं या हातांनी उचलली होती. जुमा हाताला जवळजवळ लागतच नव्हता.

पुढच्या वजनापर्यंतचे दिवस तिने कसे काढले तिचं तिला माहीत. रोज संध्याकाळी ती स्वतःच्या वाटणीचं पीठ घेऊन जुमाच्या घरी जायची. जुमाची आई पेज करायची, जुमा एक चमचा घ्यायचा आणि दुसरा ओघळू द्यायचा. ती बडबडी बाई आता दारात बसून नुसती माश्या हाकलत असे.

"तुमचा काटा म्हणतो ना, बरा आहे तो?" तिने एकदा विचारलं. "मग बराच असेल."

टावोंगा खाली मान घालून घरी आली. कुणाशी बोलावं तर कुणी नव्हतं. तिच्या भाषेत ओरडून सगळं सांगितलं असतं तरी या गावात ते कुणाला कळलं नसतं.

वजनाच्या दिवशी सकाळी ती कोठीकडे निघाली तेव्हा वाटेतल्या पंपावर असियातू पाणी भरत होती. पोट दिसायला लागलं होतं. चेहरा भरला होता.

"कशा उठलात, डॉक्टर?"

"असियातू, लुसुंगूला घेऊन जा."

पंपाचा दांडा वरच थांबला. "कुठून?"

"तू ठेवून गेलीस. झोळीत."

बादलीत उरलेलं पाणी थेंब थेंब पडत होतं.

"तुम्ही उतरवलं नाहीत?"

टावोंगाने नकाराची मान हलवली.

"मला वाटलं तुम्ही घरी नेलंत," असियातू म्हणाली. "नाव तुम्ही दिलं होतंत ना. मी म्हटलं, बरं झालं, त्याला एक घर मिळालं." मग तिने एकदम तोंडावर हात ठेवला. "म्हणजे इतके दिवस पेटीत?"

"तू ये. उचल आणि ने. तू आई आहेस."

"माझी पाठ आता मोकळी नाही, डॉक्टर." तिने दोन्ही हात पोटावर घेतले. तिचे डोळे भरून आले होते, पण पाय मागे सरकत होते. "एका पाठीवर दोन बसत नाहीत. मी नाही येणार. मला बोलवू नका."

बादली तिथेच टाकून ती निघून गेली.

झाडाखाली गर्दी होती. म्वालेंची गाडी सावलीत उभी होती, ड्रायव्हर बोनेटवर बसून ऊस खात होता. टावोंगाने पेटी उघडली. झोळीची घडी उलगडली. घडीच्या आतलं कापड गरम होतं. पत्र्याची पेटी आणि हे उकाड्याचे दिवस, असं म्हणायची सोय होती. ती या वेळी तसं म्हणाली नाही.

काटा टांगला. झोळी अडकवली. डुलायची थांबू दिली. शून्य.

"जुमाला आणा," ती म्हणाली.

जुमाची आई पुढे आली. टावोंगाने जुमाला आत ठेवलं. इतके दिवस मान न उचललेल्या पोराने मान उचलली, उजवीकडे पाहिलं आणि हसला. सुई रेषेच्या चांगली वर जाऊन थांबली.

म्वालेंनी वाकून पाहिलं. "वर आहे," ते म्हणाले. त्यांनाही ते आवडलं नव्हतं.

टावोंगाने जुमाला काढून आईकडे दिलं.

सुई शून्यावर गेली.

ती झोळीसमोर उभी राहिली. सगळ्या बाया तिच्याकडे बघत होत्या. माशांवरच्या कोंबड्या हाकलायच्या काठ्या थांबल्या होत्या. अवेतू म्हातारीने कढईखालचं लाकूड ओढून काढलं.

टावोंगा झोळीजवळ वाकली. आपल्या भाषेत, हळू, जशी घरात कुणाला मारावी तशी तिने हाक मारली.

"लुसुंगू. ये, बाळा. घरी जाऊ."

सुई हलली.

एक, दोन, तीन. कुणाच्या तरी हातातला डबा पडला. सुई सहावर आली, सातवर आली आणि थांबली. झोळीचं कापड तटतटून ताणलं होतं. दोन भोकांपाशी ते आत-बाहेर होत होतं.

टावोंगाने हात घातले. काख सापडली.

तिने उचललं.

सुई शून्यावर.

तिने कमरेचा चितेंजे सोडला. तो मागे टाकून गाठ मारायला गेली तर सगळंच घसरू लागलं. बायांना हे करताना तिने हजार वेळा पाहिलं होतं, स्वतः कधी केलं नव्हतं. तिला रडू आलं.

"वाक," मागून अवेतू म्हातारीचा आवाज आला. तेलकट हात तिच्या पाठीवर आले. "अजून वाक. आधी पाठ द्यायची, मग कापड. हं. आता वरून घे. गाठ छातीवर."

म्हातारीने कापडाखालून हात फिरवून काहीतरी सारखं केलं, दोन्ही बाजूंनी पाय मोकळे करावे तसं, आणि बाजूला झाली.

"आता जुमाला द्या," टावोंगा म्हणाली.

जुमा झोळीत गेला आणि त्याने टाहो फोडला. त्या बारक्या छातीत एवढा आवाज होता यावर कुणाचा विश्वास बसला नसता. सुई वर चढली, अडखळली आणि रेषेच्या खाली, फार खाली, थांबली.

म्वालेंनी आकडा पाहिला. मग टावोंगाच्या पाठीकडे पाहिलं, आणि लगेच दुसरीकडे.

"गाडी काढ," ते ड्रायव्हरला म्हणाले. "ऊस टाक तो."

बाकीच्या मुलांची वजनं झाली. सगळी रडली. सगळ्यांची वजनं मागच्यापेक्षा खाली आली, आणि आणखी दोघांना गाडीत बसवावं लागलं. गाडीत बसण्याआधी म्वाले तिच्यापाशी आले.

"शहरात विचारतील, सगळी एकाच दिवशी कशी उतरली म्हणून. काय सांगू?"

"आज झोळी रिकामी होती, सांगा."

"असं नाही सांगता येत, टावोंगा. तुला बोलावतील. काम जाईल तुझं."

"जाऊ दे," ती म्हणाली.

गाडी सुरू झाली. मागच्या काचेतून जुमाची आई बाहेर डोकावली. तिचा आवाज परत आला होता.

"लुसुंगूची आई! माझ्या उसिपांवर लक्ष ठेवा हो, कोंबड्या खातील!"

"ठेवते," टावोंगाने ओरडून सांगितलं. गाडी वळणाआड गेल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण त्या हाकेला ओ दिली.

कुणी हसलं नाही. बायांनी आपापली मुलं पाठीला बांधली आणि त्या निघाल्या. वाट अरुंद होती. टावोंगासाठी त्या बाजूला झाल्या, ओझं असलेल्या बाईसाठी होतात तशा.

घरी येऊन तिने चूल पेटवली. वाकून पेटवावी लागली, कारण पाठ मोकळी नव्हती. न्सीमा ढवळली. पीठ नेहमीएवढंच घेतलं होतं. ती दाराकडे तोंड करून जेवली, आणि भांडं घासायला घेतलं तेव्हा तळाशी काही उरलेलं नव्हतं.

ऊन उतरलं होतं. शेजारीण अंगणातल्या दोरीवरून धुणी काढत होती. तिने टावोंगाकडे एकदा पाहिलं आणि उरलेले कपडे एका बाजूला सरकवून निम्मी दोरी मोकळी केली.

टावोंगा उंबऱ्यावर बसून राहिली. गाठ सोडायचा धीर होत नव्हता. सोडून ठेवायचं तरी कुठे, हेही तिला माहीत नव्हतं. मानेवर गरम श्वास येत होता की वारा, ते तिने ठरवायचं सोडून दिलं.

मग एकाएकी तिची पाठ ओली झाली. कोमट ओल चितेंजेतून आत शिरली, पाठीच्या कण्यावरून खाली कमरेपर्यंत उतरली, आणि तो सगळ्या आयांच्या अंगाला येणारा वास आला.

मग उठून तिने खुंटीवरचा दुसरा, कोरडा चितेंजे काढला आणि वाकली.